बायडाबाईचा उतरलेला आवाज

आष्ट्यात आमच्या वस्तीत लग्न असो, नामकरण असो की जयंतीचा कार्यक्रम, बायडाबाई गाणार असं कळलं की बायका भाकऱ्या लवकर थापून मोकळ्या व्हायच्या. माइक मिळाला तर बरं, नाही मिळाला तरी तिचं काही अडायचं नाही. विहाराच्या अंगणात ती गायला लागली की आवाज पार मोठ्या रस्त्यापर्यंत जायचा. तिचा नवरा सोपान दिवसा गवंडीकाम करायचा आणि कार्यक्रमाला ढोलकी वाजवायचा. पेटीवर माझा नवरा आकाराम. आणि मी, अंबूबाई, तिच्या मागं बसून झील धरायची. तिनं ओळ टाकली की ती उचलून परत म्हणायची, एवढंच माझं काम. अशी आमची पार्टी बागणी, बावची, दुधगाव करत पार मिरजेपर्यंत फिरून आलेली.

गाणी सोपान बांधायचा. भिंत रचता रचता ओळी जुळवायचा आणि संध्याकाळी चुलीपाशी बसून बायडाबाईला म्हणून दाखवायचा. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण एकदा ऐकलं की पाठ. दिवसा ती आणि मी हळदीच्या वखारीत हळकुंडं निवडायला जायचो. तिथंसुद्धा ती हळू आवाजात काहीतरी म्हणतच असायची. थोरली लेक आम्रपाली साताऱ्याला दिलेली, मधला मिलिंद महाबळेश्वरला टॅक्सी चालवायचा, धाकटा धम्मपाल शाळेत. धाकट्याच्या वेळीच तिनं सरकारी दवाखान्यात पोरं बंद करायचं ऑपरेशन करून घेतलं होतं. एकूण बाई सुखी होती, आणि तिचं सुख तिच्या गळ्यात होतं असं आम्ही म्हणायचो.

त्र्याण्णवच्या दिवाळीनंतर तिचं काहीतरी बिनसायला लागलं. आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही. थंडी संपली, होळी झाली, चैत्राचं ऊन कातडं भाजायला लागलं, तरी बायडाबाईच्या अंगातला स्वेटर निघेना. वखारीत बसल्या बसल्या तिला डुलकी लागायची. सकाळी तोंड सुजलेलं असायचं, डोळ्यांखाली पिशव्या. हातातल्या बांगड्या रुतायला लागल्या. फणीत केसांचा पुंजका यायचा. जेवण चिमणीएवढं, तरी अंग सुटत चाललेलं. आणि पाळी आली की थांबायचं नावच घ्यायची नाही, नाहीतर दोन-दोन महिने पत्ताच नसायचा.

आता वस्तीत असं काही झालं की प्रत्येकीकडं त्याचं कारण तयार असतं. सगळ्यात ठाम कारण सोपानच्या थोरल्या बहिणीकडं होतं. धोंडुबाई तिचं नाव. विधवा, पोरबाळ नाही, सोपानच्या घराला लागूनच तिची खोली. वस्तीतल्या बायकांचं बाळंतपण, पाळी, पोटदुखी यांत तिचा शब्द शेवटचा.

"बायडे, तुझ्या नसा बांधल्यात न्हवं?" ती म्हणाली. "मग पाळीचं रक्त जाणार कुठं? आतच साठतंय. म्हणून फुगलीयास."

"आवं वन्सं, रक्त जातंय की. थांबायलाच तयार न्हाई."

"ते वरचं. आतलं आतच ऱ्हातंय."

मग तिचं दही बंद झालं, केळं बंद झालं, चिंच बंद झाली. पाळीत डोक्यावरनं पाणी घ्यायचं बंद झालं. अशक्तपणा जावा म्हणून डिंकाचे लाडू सुरू झाले, त्यानं अंग आणखी सुटलं. एक म्हणाली, चाळिशीला बाई आली की असं व्हायचंच, मुकाट सोसायचं असतं. दुसरी म्हणाली, बाईनं एवढ्या मोठ्यानं गायलं की पोटात उष्णता वाढते. आणि दोन महिने पाळी चुकली, पोट जरा पुढं आलं, तेव्हा तर वस्तीत बातमीच पसरली की बायडाबाईचं ऑपरेशन फेल गेलं आणि तिला दिवस गेलेत. ही बातमी फिरून फिरून सोपानच्या कानावर गेली. त्यानं दिवसभर मनात ठेवली, संध्याकाळी बायकोपाशी येऊन बसला, घसा खाकरला, पुन्हा खाकरला.

"बायडे, एक इचारू?"

तिनं ऐकलं आणि पोट धरून हसली. "आवं, नातवंडं खेळवायचं वय झालं माजं! तुमाला कुणी सांगितलं?"

मला हे बायडाबाईनंच दुसऱ्या दिवशी वखारीत सांगितलं, आणि आम्ही दोघी हळकुंडांच्या ढिगात तोंड लपवून हसलो.

पण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं ते. आकाराम पेटीवर तिच्यासाठी काळी चार धरायचा, ती तिची पट्टी. एके दिवशी तालमीवरून घरी आला आणि पाणीसुद्धा न पिता मला म्हणाला, "बायडाबाईची पट्टी उतरतीया. आज पांढरी चारवर आणलं, तरी वरचा सूर लागंना. आवाज जाड झालाय, घोगरा. सर्दी न्हाई, खोकला न्हाई. हे काय हाय?"

त्या वर्षीच्या जयंतीला आम्हाला मिरजेकडच्या एका गावात बोलावणं होतं. मंडप मोठा, लोक भरपूर. बायडाबाई शाल पांघरून उभी राहिली. पहिल्या ओळीलाच आवाज फाटला. दुसरी ओळ तिनं खाली ओढून घेतली. तेवढ्यात मागनं कुणीतरी ओरडलं, "कोण बाप्या गातोय रं?" आणि हशा पिकला.

तिनं कडवं पुरं केलं. मग माइक माझ्या हातात दिला आणि खाली उतरून टेम्पोत जाऊन बसली. सोपाननं ढोलकी सोडली नाही, कारण कार्यक्रम घेतलेला होता. पण त्या दिवशी त्याचा हात मी कधी पाहिला नव्हता असा जड पडत होता.

त्यानंतर बायडाबाईनं गाणं सोडलं. कार्यक्रमांना मी गायचे. लोक ऐकून घ्यायचे, पण भाकऱ्या लवकर थापून कुणी येत नव्हतं, हे मला दिसत होतं.

धोंडुबाईनं पुढचा उपाय काढला. "कुणाची तरी नजर लागली तुझ्या गळ्याला. औंधाकडं एक देवरुषी हाय. लय गुण हाय त्याच्या हाताला."

"वन्सं, आपण देव सोडलं. आता देवरुषी कशाला धरू?" बायडाबाई म्हणाली. तिचा आवाज गेला होता, डोकं नव्हतं गेलं.

शेवटी रक्त फारच जायला लागलं, तेव्हा सोपान तिला एका खाजगी दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरांनी पोट तपासलं, वय विचारलं, पोरं किती ते विचारलं आणि म्हणाले, "पिशवी काढून टाकू. पोरं झाली, आता तिचं काय काम? कटकटच मिटेल." आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायकांची पिशवी अशीच काढलेली होती. कुणाचा पाय दुखला तरी पिशवीवरच जायचं सगळं. बायडाबाईला रोजच्या त्रासानं नकोसं झालं होतं. ती हो म्हणाली.

ऑपरेशनच्या दिवशी मी तिच्याबरोबर गेले. भूल द्यायला सांगलीहून एक बाई डॉक्टर येणार होत्या. चारुशीलाबाई. मध्यम वयाच्या, चष्मा, सुती साडी. त्या आल्या, खाटेपाशी बसल्या, बायडाबाईची नाडी धरली आणि बराच वेळ धरून ठेवली.

"नाव काय तुमचं?"

"बायडाबाई सोपान कांबळे."

चारुशीलाबाईंनी एकदम वर बघितलं. "आवाज पहिल्यापासून असाच आहे का तुमचा?"

इतक्या महिन्यांत तिला कुणी काय खातेस विचारलं होतं, कुठं झोपतेस विचारलं होतं, पण आवाजाचं विचारलं नव्हतं. बायडाबाईचे डोळे भरून आले. "न्हाई वो बाई. माजा आवाज..."

सोपान दारातनं म्हणाला, "बाई, ही गाती. म्हंजी, गात हुती."

मग त्या एकेक विचारत गेल्या. थंडी वाजते? व्हय. केस गळतात? व्हय. पोट साफ होत नाही? कातडं कोरडं पडलंय? सारखी झोप येते? विसरायला होतं? सगळ्याला व्हय. त्यांनी तिला खुर्चीवर गुडघे टेकून उलटं बसवलं आणि टाचेच्या वरच्या शिरेवर छोट्या हातोडीनं टक्कन मारलं. पाऊल झटक्यानं हललं, पण परत जागेवर यायला त्यानं वेळ लावला. दोनदा, तीनदा तसंच. सोपान ढोलकीवाला माणूस. त्याच्या लगेच ध्यानात आलं.

"हिचा पाय लयीत मागं पडतोय," तो म्हणाला.

"बरोबर ओळखलंत," चारुशीलाबाई म्हणाल्या. "आज मी यांना भूल देणार नाही. धोका आहे. आधी रक्त तपासायचं."

त्या आत जाऊन डॉक्टरांशी बोलल्या. डॉक्टर बाहेर आले, थोडे नाराज दिसले, पण म्हणाले, "मॅडम म्हणतायत त्यात तथ्य आहे. पिशवी कुठं पळून जात नाही. आधी ते बघून या."

चारुशीलाबाईंचे यजमान सांगलीत औषधांचे डॉक्टर होते. त्यांच्याकडं रक्त दिलं, काही दिवसांनी परत बोलावलं. तपासणीत निघालं ते असं, की गळ्यात पुढच्या बाजूला एक गाठीसारखी ग्रंथी असते, थायरॉईड म्हणतात, ती बायडाबाईची सुस्त पडली होती. हे समजावून सांगितलं मात्र चारुशीलाबाईंनीच, स्टुलावर आमच्यासमोर बसून.

"ही ग्रंथी एक रस तयार करते. तो रक्तातनं सगळ्या अंगभर जातो आणि अंगाचं काम किती वेगानं चालायचं ते ठरवतो. रस कमी पडला की सगळंच मंद. ऊब कमी, नाडी हळू, पोट हळू, अंगावर सूज. आवाजाच्या पडद्यांनाही सूज येते, म्हणून आवाज जाड झाला."

"मग पाळीचं काय?" बायडाबाईनं विचारलं. "गळ्यातलं दुखणं खाली कसं गेलं?"

"पाळीसुद्धा अशाच रसांवर चालते. एक बिघडला की दुसऱ्याचा ताल चुकतो. तुमची पिशवी बहुतेक चांगली आहे. तिला वरनं हुकूम नीट मिळत नव्हता."

सोपान मान हलवत म्हणाला, "म्हंजी ढोलकीच्या कड्या ढिल्या पडल्यात. कातडं फाटल्यालं न्हाई."

"अगदी तसंच."

बायडाबाईच्या मनात अजून एक होतंच. "बाई, माझ्या नसा बांधल्यात. त्यानं रक्त साठून बाई फुगती म्हणत्यात."

"नाही हो. त्या ऑपरेशनात फक्त बीजाची वाट बंद करतात. पाळी होती तशीच येते, आत काही साठत नाही, आणि त्यानं जाडीही वाढत नाही."

"हे आमच्या वन्संस्नी येऊन सांगाल काय?" बायडाबाईनं इतक्या कळकळीनं विचारलं की चारुशीलाबाई चष्मा काढून हसायला लागल्या.

गोळी एवढीशी, तांदळाच्या कणीपेक्षा जराशी मोठी. रोज सकाळी उठल्यावर उपाशी पोटी पाण्याबरोबर घ्यायची आणि चहा नंतर, थोड्या वेळानं. बायडाबाईला गोळीचं काही वाटलं नाही, चहाचं वाटलं. ती ओट्यावर बसून चहाच्या पातेल्याकडं बघत राहायची आणि सोपान तिच्यासमोर मुद्दाम भुरके मारत प्यायचा.

गुण हळूहळू आला. आधी स्वेटर निघाला. मग तोंडावरची सूज उतरली आणि बायडाबाईचं तोंड परत बायडाबाईसारखं दिसायला लागलं. पाळी मार्गावर आली. पिशवीच्या ऑपरेशनचं नाव परत कुणी काढलं नाही. वखारीतली डुलकी गेली. आवाज मात्र हटून बसला होता.

आणि तेवढ्यात तिनं गोळी सोडली.

कारण धोंडुबाई. तिला कुठनं तरी कळलं की ही हार्मोनची गोळी आहे आणि ती जन्मभर घ्यायची आहे. "हार्मोनच्या गोळीनं बाईला मिशा येत्यात," ती म्हणाली. "आन् जन्मभर म्हंजी दारूगत सवयच की. बरी झालीस न्हवं? मग कशाला?" बायडाबाईलाही बरं वाटत होतं. बरं झालेल्या माणसानं औषध कशाला घ्यायचं, हे तिलाही पटलं. घरात कुणाला न सांगता तिनं थांबवलं.

पुढच्या संक्रांतीला ती माझ्याकडं तिळगूळ द्यायला आली, बसली, आणि बसल्या जागी भिंतीला टेकून झोपली. मी तिच्या हाताला हात लावला तर गार. मी सोपानला बोलावून घेतलं.

सांगलीला गेल्यावर तिला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. चारुशीलाबाई रागावल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "का सोडली?" आणि बायडाबाईनं मिशांपासून सगळं सांगितलं.

"हार्मोन म्हणजे अंगातलाच रस," त्या म्हणाल्या. "वेगवेगळ्या कामाचे वेगवेगळे असतात. मिशांचा वेगळा, हा वेगळा. तुमच्या अंगात जो तयार व्हायचा तोच या गोळीत आहे. कमी पडतो तेवढाच आपण भरून काढतो. म्हणून ही सवय नव्हे. उद्या बरं वाटलं तरी घ्यायचीच, कारण बरं वाटतंय तेच गोळीमुळं."

"जन्मभर?"

"बहुतेक जन्मभर. आणि मधनंमधनं रक्त तपासायचं, कमीजास्त करायला."

परतीच्या वाटेवर बायडाबाई मला म्हणाली, "अंबू, धम्मात आल्यावर कुंकू लावणं सोडलं तवा लय दिवस हात कपाळाकडं जायचा. गोळीचं पण तसंच. हाताला वळण लागंल." आणि खरंच लागलं.

पंचाण्णवच्या दिवाळीनंतर एके संध्याकाळी सोपाननं आकारामला बोलावून घेतलं. "पेटी घिऊन ये. गडबड न्हाई, लोक न्हाईत." आम्ही चौघंच. सोपाननं नवीन गाणं बांधलं होतं.

उजेड आला दाराशी, आता उघड कडी गं बाई,
कालचा अंधार कालच सरला, आज तो उरला न्हाई.

आकारामनं पांढरी चारच्याही खालच्या काळी दोनवर सुरू केलं. आवाज खरखरत निघाला. पण फाटला नाही. दुसऱ्या आठवड्यात तो काळी दोनवर मोकळा झाला, मग जरा वर, मग आणखी जरा वर. काळी चारपर्यंत काही पोचला नाही. पांढरी चारवर येऊन तो थांबला आणि तिथं असा बसला की जणू ती जागा त्याच्यासाठीच ठेवलेली होती.

शहाण्णवच्या जयंतीला विहाराच्या अंगणात ती गायली. पूर्वीसारखा लांबवर जाणारा नव्हता तो आवाज. खालचा होता, भरलेला, ऊबदार. पहिल्या कडव्याला लोक गप्प झाले, तिसऱ्याला बायका माझ्याबरोबर झील धरायला लागल्या. कार्यक्रम संपल्यावर मी विचारलं, "बायडाक्का, उंच सूर गेल्याचं वाईट वाटतं का गं?"

"आदी वाटायचं," ती म्हणाली. "पर उंच गाताना मला माजाच आवाज ऐकू यायचा. आता सोपानचे शब्द ऐकू येत्यात."

सोपान ढोलकी पिशवीत भरत होता. त्यानं ऐकलं नसल्यासारखं दाखवलं.

त्याच वर्षी पावसाळ्यात बायडाबाईच्या ध्यानात आलं की धोंडुबाई लुगड्याखाली झाकून काहीतरी वाळत घालते. बघितलं तर पाळीचं फडकं. धोंडुबाईची पाळी जाऊन कितीतरी वर्षं झालेली. आता परत दिसतंय हे शेजारच्या एकीला ठाऊक होतं. ती म्हणायची, धोंडुबाई नशीबवान, परत तरुण झाली.

"वन्सं, हे बरं न्हवं," बायडाबाई म्हणाली. "डाक्टरीणबाईस्नी दाखवू."

धोंडुबाई आधी चिडली, मग म्हणाली काही झालेलं नाही, मग एकदम पदर तोंडाला लावून बसली. "मला भ्या वाटतंय गं," ती म्हणाली. "पोर हुईना तवा सासरच्यांनी सांगितलं, माझ्या पोटात उष्णता हाय. ज्या कुणी जी मुळी दिली ती खाल्ली. दवाखान्यात कवा न्हेलंच न्हाई. नवऱ्याला तर कुणी तपासलंच न्हाई. मग काय, जे ऐकलं तेच खरं धरलं. तेच तुमास्नी सांगत आले."

बायडाबाई तिच्याजवळ सरकली आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. एवढंच. दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी सांगलीला गेलो.

चारुशीलाबाईंनी तिला ओळखीच्या बायकांच्या डॉक्टरकडं पाठवलं. पिशवीच्या तोंडाशी मांसाचा एक छोटा कोंब आलेला होता. तो काढला, तपासायला पाठवला, आणि पुढच्या खेपेला कळलं की साधा आहे, घाबरायचं काही नाही. "पण आलात हे उत्तम केलंत," डॉक्टर म्हणाल्या. "पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभर जरी दिसलं, तरी घरी बसायचं नाही. बहुतेकदा साधंच असतं, पण ते आम्हाला बघू दे." धोंडुबाईनं हे त्यांच्याकडनं दोनदा म्हणवून घेतलं.

सांगलीच्या स्टँडवर आम्ही भडंगाचा पुडा घेतला आणि आष्ट्याच्या गाडीत बसलो. बायडाबाई आणि मी एका बाकावर, धोंडुबाई आमच्या पुढच्या बाकावर एका अनोळखी बाईशेजारी. गाडी पूल ओलांडून पुढं निघाली आणि पुढनं धोंडुबाईचा तोच ठाम आवाज यायला लागला.

"तुमची पाळी गेली काय वो, ताई? गेली? कवा? मग ऐका. परत दिसली तर तरुण झालो म्हणून घरात बसायचं न्हाई. थेंबभर असली तरी डाक्टरकडं जायचं. आन् नस बांधल्यानं रक्त साठतंय म्हणत्यात न्हवं, ते सगळं खोटं हाय. लोक लय काय काय सांगत्यात."

बायडाबाईनं मला कोपरानं ढोसलं. तिच्या तोंडात भडंग होतं, म्हणून तिला हसता येईना. पुढची बाई मान डोलवत ऐकत होती, मध्येच काहीतरी विचारत होती, आणि कसबे डिग्रज मागं पडलं तरी धोंडुबाई सांगतच होती.